जॉर्जियाचे दोन टाइट एंड आणि बचावाची पंचाईत

२४ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या अथेन्सच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये जॉर्जिया आणि केंट स्टेट या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. सुरुवातीलाच जॉर्जियाच्या ब्रॉक बॉवर्सच्या हातात चेंडू आला आणि तो ७५ यार्ड पळत जाऊन थेट एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात, शिरला. एरवी अशी धाव चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या नावावर लागते. बॉवर्स होता टाइट एंड. सहा फूट चार इंच उंची, शंभर किलोच्या वर वजन, आणि मुख्य काम म्हणजे अंगानं दांडग्या बचावपटूंना थोपवणं आणि मधूनमधून पास झेलणं. अशा माणसाच्या हातात चेंडू देऊन त्याला पळवायचं, हे जॉर्जियाच्या प्रशिक्षकांना सुचलं आणि त्यांनी ते बेधडक करूनही दाखवलं.

अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं शनिवारी विद्यापीठाचा टी-शर्ट घालून स्टेडियमवर जातात, इकडे आईवडील व्हिडिओ कॉलवर तो जल्लोष बघतात, पण मैदानावर नक्की काय चाललंय हे बहुतेकांना कळत नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, कुणीतरी झेलतो, एवढं समजतं. टाइट एंडकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. माझ्या मते मात्र कॉलेज फुटबॉलचं आक्रमण समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी. तो किती झेल घेतो हा भाग दुय्यम आहे. त्याच्या नुसत्या उभं राहण्यानं समोरच्या बचावाला एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय कसाही घेतला तरी कुठेतरी चुकतो. त्याचं खरं मोल तिथं आहे.

आधी नियम बघू. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चेंडू जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या आडवी एक काल्पनिक रेषा जाते, ती स्क्रिमेज लाइन. आक्रमणाचे जास्तीत जास्त चार खेळाडू या रेषेच्या मागे उभे राहू शकतात, बाकीचे सात रेषेवर. या सातांपैकी फक्त दोन्ही टोकांच्या खेळाडूंना पास झेलण्यासाठी पुढे धावता येतं. मधल्या पाचांना ती मुभा नाही. त्यांचे क्रमांकही ५० ते ७९ मधले असतात, म्हणजे पंचांना दुरूनही ओळखता येतात. या पाचांचं काम एकच, अडवणं.

टाइट एंड या पाचांच्या शेजारी, टॅकलला, म्हणजे पाचांतल्या टोकाच्या खेळाडूला, खेटून उभा राहतो. तो रेषेवरच असतो पण टोकाला असतो, म्हणून त्याला झेलायचीही परवानगी आहे. अडवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून झेलायची मुभा असलेला हा माणूस. मात्र त्याच्याही बाहेरच्या बाजूला दुसरा कुणी रेषेवर येऊन उभा राहिला, तर टाइट एंड टोकाचा राहत नाही आणि त्याचा झेलायचा हक्क जातो. म्हणून त्याच बाजूचा वाइड रिसीव्हर, म्हणजे बाहेर उभा राहून पास झेलणारा खेळाडू, एक पाऊल मागे उभा राहतो. टीव्हीवर नीट बघितलंत तर दिसेल, चेंडू खेळात येण्याआधी रिसीव्हर बाजूच्या पंचाकडे बघून हातानं खूण करतो. मी रेषेवर आहे की मागे, याची तो खात्री करून घेत असतो. त्याचं अर्धं पाऊल चुकलं तर टाइट एंडनं घेतलेला सुरेख झेलही रद्द होतो.

आता थोडं गणित. अडवणारे ते पाच जण, म्हणजे लाइनमन, शेजारी शेजारी उभे राहिले की त्यांच्या मधल्या फटी आणि दोन्ही टोकांच्या बाहेरच्या जागा मिळून सहा फटी तयार होतात. चेंडू घेऊन पळणारा यातल्या कुठल्याही फटीतून घुसू शकतो, म्हणून बचावाला प्रत्येक फटीसाठी एक माणूस नेमावा लागतो. एका बाजूला टाइट एंड आला की फटी सात होतात. दुसऱ्या बाजूला आणखी एक उभा केला की आठ. आठ फटींसाठी आठ माणसं पुढे आणली, तर मागे लांबच्या पासवर लक्ष ठेवायला उरतात तिघंच. सात आणली तर एक फट उघडी राहते, किंवा एखाद्याला दोन फटी सांभाळाव्या लागतात. आणि एवढं करूनही त्या आठांपैकी कुणाला तरी टाइट एंडवर डोळा ठेवावाच लागतो, कारण तो कोणत्याही क्षणी अडवणं सोडून झेलायला पळू शकतो. क्रिकेटमध्ये चांगला अष्टपैलू संघात असला की कर्णधाराला अकरा माणसांत बारा जणांचं काम मिळतं, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चेंडूला नव्यानं विचार करावा लागतो, हा माणूस आता कुठलं काम करणार?

जॉर्जियाकडे २०२२ मध्ये असे दोन खेळाडू होते. एक बॉवर्स, कॅलिफोर्नियातल्या नापाचा. दुसरा डार्नेल वॉशिंग्टन, सहा फूट सात इंच उंच आणि वजन सुमारे १२० किलो. मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट, आणि आक्रमणाची आखणी करणारे टॉड मंकन. बहुतेक संघ एक टाइट एंड आणि तीन वाइड रिसीव्हर घेऊन खेळतात. प्रशिक्षकांच्या भाषेत याला ११ म्हणतात: पहिला आकडा रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. मंकन मोठ्या प्रमाणात १२ खेळवायचे, म्हणजे एक रनिंग बॅक आणि दोन टाइट एंड.

बचावाची पंचाईत इथून सुरू होते. समोर तीन वाइड रिसीव्हर असले तर बचाव एक जाड लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) बाहेर काढून एक चपळ, हलका बचावपटू आत घेतो. या रचनेला निकल म्हणतात. समोर दोन टाइट एंड असले तर शहाणपण सांगतं की जाड माणसंच आत ठेवा, नाहीतर धावांच्या खेळात मार खाल. मग बचाव जाड माणसं ठेवतो. तेवढ्यात बॉवर्स रेषेवरून निघून बाहेर, वाइड रिसीव्हरच्या जागी जाऊन उभा राहतो. आता त्याच्यासमोर येतो एक जड लाइनबॅकर, ज्याला मोकळ्या मैदानात त्याच्यामागे धावायचंय. ते त्याला झेपत नाही. बरं, पुढच्या वेळी बचावानं निकल ठेवला, तर बॉवर्स परत आत येतो, वॉशिंग्टन टॅकलला खेटून उभा राहतो, आणि ८५-९० किलोच्या त्या बिचाऱ्या बचावपटूवर १२० किलोचा माणूस चालून येतो.

कोणी म्हणेल, मग बचावानंही खेळाडू बदलावेत की. कॉलेजचा नियम असा आहे की आक्रमणानं खेळाडू बदलले तर पंच चेंडूजवळ थांबतात आणि बचावाला बदल करायला वेळ देतात. आक्रमणानं बदल केलाच नाही, तर पंचांना थांबायचं कारण उरत नाही. दोन टाइट एंड असलेला संघ तीच अकरा माणसं ठेवून एकदा दाटीवाटीची रचना लावतो, लगेच पुढच्या डाउनला पसरलेली. चेंडू ठेवला की झटपट खेळ सुरू. बचावाच्या बाजूला प्रशिक्षक ओरडतायत, एक जण मैदानात शिरायला निघालाय, दुसऱ्याला बाहेर यायचंय, आणि तेवढ्यात चेंडू सुटलाही. कॉलेज फुटबॉलमधला हा माझा सर्वांत आवडता गोंधळ. तो योगायोगानं होत नाही, आठवडाभर ठरवून, सराव करून घडवलेला असतो.

अडवण्याकडे जरा बारकाईनं बघू, कारण सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक संघांच्या वहीत सापडणारा एक खेळ आहे, स्प्लिट झोन. समजा टाइट एंड डाव्या बाजूला, रेषेच्या थोडा मागे उभा आहे. चेंडू सुटला की पाचही लाइनमन एकदम डावीकडे पाऊल टाकतात. रनिंग बॅकही तिकडेच निघतो. टाइट एंड मात्र उलटा, रेषेच्या मागून उजवीकडे धावतो. बचावाच्या पुढच्या फळीतला उजव्या टोकाचा खेळाडू, डिफेन्सिव्ह एंड, मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. त्याला वाटतं आपल्याला कुणी अडवलं नाही, आता पाठीमागून रनिंग बॅकला धरू. तेवढ्यात आडवा येणारा टाइट एंड त्याच्या खांद्यावर आदळतो आणि त्याला बाहेर ढकलतो. मधे वाट तयार होते, आणि डावीकडे निघालेला रनिंग बॅक त्या वाटेनं उजवीकडे वळतो.

हे दोन-तीनदा झालं की डिफेन्सिव्ह एंड शिकतो. टाइट एंड आडवा येताना दिसला की तो खांदा झुकवून, पाय रोवून टक्कर घ्यायला तयार राहतो. त्याची ती तयारी व्हावी म्हणूनच आक्रमण वाट बघत असतं. पुढच्या खेळात तीच रचना, लाइनमनची तीच पावलं, टाइट एंड तसाच आडवा येतो, पण आदळायच्या ऐवजी अंग चोरून त्याच्या पुढून निसटतो आणि बाजूच्या मोकळ्या जागेत जातो. क्वार्टरबॅकनं रनिंग बॅकला चेंडू दिल्यासारखं केलेलं असतं, दिलेला नसतो. तो त्याच बाजूला पळत येतो. आता डिफेन्सिव्ह एंड क्वार्टरबॅकच्या मागे गेला तर टाइट एंड एकटा, टाइट एंडच्या मागे गेला तर क्वार्टरबॅकसमोर मोकळं रान.

तिसरा प्रकार आणखी देखणा. टाइट एंड आडवा येतो, डिफेन्सिव्ह एंडला वळसा घालतो आणि थेट मागच्या लाइनबॅकरला जाऊन भिडतो. क्वार्टरबॅक फक्त त्या डिफेन्सिव्ह एंडकडे बघतो. तो आत धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो, आणि पुढे वाट साफ करणारा टाइट एंड आहेच. धाव, पास, क्वार्टरबॅकची धाव: तिन्हींची सुरुवातीची दोन सेकंदं हुबेहूब सारखी. टाइट एंडला अडवता येत नसेल तर यातलं काहीच चालत नाही, कारण पहिल्या धक्क्याची धास्तीच नसेल तर पुढच्या फसवणुकीला कोण फसणार?

म्हणूनच मला वाटतं, वॉशिंग्टनकडे झेलांच्या आकड्यांवरून बघणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला. तो जॉर्जियाचा जणू सहावा लाइनमन होता. टॅकल आणि तो मिळून डिफेन्सिव्ह एंडला दोघांत धरायचे, हलवायचे, आणि तो हलला की दोघांपैकी एक जण सुटून मागच्या लाइनबॅकरवर जायचा. बॉवर्सला जी मोकळीक मिळाली त्यातली बरीच वॉशिंग्टनच्या या कष्टांतून आली. बॉवर्सनं त्या हंगामात ९४२ यार्डांचे झेल घेतले आणि देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारा जॉन मॅकी पुरस्कार पटकावला. २०२३ मध्येही तो त्यालाच मिळाला. दोनदा हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला खेळाडू.

चेंडू सुटण्याआधीही टाइट एंड काम करत असतो. नियमानुसार एका खेळाडूला चेंडू सुटताना हालचाल करता येते, पुढच्या दिशेनं सोडून. टाइट एंडला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला चालवत नेलं की दोन गोष्टी होतात. फटींचा हिशेब बदलतो: जी बाजू जड होती ती हलकी, हलकी ती जड. आणि क्वार्टरबॅकला फुकटात माहिती मिळते. टाइट एंडच्या मागोमाग एखादा बचावपटू मैदानाच्या पलीकडे धावत गेला, तर बचाव माणसागणिक पहारा देतोय. नुसते सगळे एकेक पाऊल सरकले, तर जागा वाटून घेतल्यात. पास कुठे जाणार हे कितीदा तरी त्या चालण्यातच ठरतं.

पासच्या खेळात त्याची हक्काची जागा मैदानाच्या मधोमध. बाहेरच्या रिसीव्हरला वेग लागतो, टाइट एंडला वेळ साधावी लागते. क्वार्टरबॅक रनिंग बॅकला चेंडू दिल्याचं नाटक करतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो, आणि त्याच दोन पावलांत टाइट एंड त्याच्या पाठीमागे पोहोचलेला असतो. पुढे लाइनबॅकर, मागे सेफ्टी (सगळ्यांत मागचा बचावपटू), मधे बारा-पंधरा यार्डांची मोकळी जागा. तिथे उंच माणसाच्या छातीवर फेकलेला चेंडू पाडणं फार अवघड. एंड झोनजवळ तर याचं महत्त्व आणखी वाढतं. तिथे पळायला जागाच नसते, एंड झोन जेमतेम १० यार्डांचा, त्यामुळे वेगवान रिसीव्हरचा वेग वाया जातो आणि उंची, रुंदी, खांदा मधे घालून जागा धरणं हे कामी येतं.

कॉलेजच्या मैदानाची आणि नियमांचीही याला मदत होते. मैदान १६० फूट रुंद असतं. चेंडू ज्या दोन खुणांच्या ओळींच्या आत ठेवतात, त्या कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फूट दूर असतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये हे अंतर साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका खुणेवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळी जागा. दोन्ही टाइट एंड अरुंद बाजूला उभे केले तर बचाव विचारात पडतो: माणसांच्या मागे जावं की जागेच्या? दुसरा नियम लाइनमनचा. पास फेकला जाईपर्यंत लाइनमननं पुढे किती जावं याला मर्यादा आहे. कॉलेजमध्ये ती ३ यार्ड, एनएफएलमध्ये १ यार्ड. या दोन जादा यार्डांमुळे कॉलेजमध्ये लाइनमन धावेसाठी अडवत असतानाच क्वार्टरबॅक लाइनबॅकरकडे बघून ठरवू शकतो. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून टाइट एंडला छोटा पास, मागे थांबला तर रनिंग बॅकच्या हातात चेंडू.

याची किंमतही मोजावी लागते. दोन टाइट एंड खेळवायचे म्हणजे एक वेगवान रिसीव्हर बाकावर बसवायचा. मागे पडलात आणि वेळ कमी असेल तर हा सौदा महाग पडतो. आणि टाइट एंड एकाच कामाचा असेल तर तो उलट घातच करतो. नुसता अडवणारा आत आला की बचावाला कळतं, आता धाव येणार. नुसता झेलणारा आला की निकल ठेवून निवांत राहता येतं. अठरा वर्षांच्या पोराला दोन्ही कामं येणं दुर्मीळच. हायस्कूलमध्ये तो बहुधा बास्केटबॉलही खेळलेला, उंच, सडपातळ असा मुलगा असतो. त्याला वजन वाढवायचं असतं, लाइनमनची पावलं शिकायची असतात आणि रिसीव्हरचे मार्गही पाठ करायचे असतात. म्हणून या जागेवरची मुलं तयार व्हायला बहुधा वेळ लागतो. पहिल्याच वर्षी ८८२ यार्ड आणि १३ टचडाउन (एंड झोनमध्ये चेंडू नेऊन मिळवलेले गुण) झेलणारा बॉवर्स हा अपवाद.

हे शिक्षण चिकाटीनं देणारं विद्यापीठ म्हणजे आयोवा. कर्क फेरेन्झ १९९९ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचं आक्रमण झगमगीत नाही, आणि त्यावर टीकाही पुष्कळ होते. पण धाव, धाव आणि मग धावेचं नाटक करून टाइट एंडला पास, हे त्यांनी वर्षानुवर्षं घोटून घेतलं. डॅलस क्लार्क तिथे शिष्यवृत्तीशिवाय लाइनबॅकर म्हणून आला, नंतर टाइट एंड झाला आणि २००२ मध्ये मॅकी पुरस्कार घेऊन गेला. २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू फेऱ्यांनी निवडण्याच्या प्रक्रियेत, टी. जे. हॉकन्सन ८ वा आणि नोआ फँट २० वा निवडला गेला. एकाच विद्यापीठाचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि जॉर्ज किटल. आयोवाच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याचे झेल फक्त ४८, एनएफएलनं त्याला २०१७ मध्ये थेट पाचव्या फेरीत उचललं. पुढे तो एनएफएलच्या सर्वोत्तम टाइट एंडांपैकी एक ठरला. माणसं ढकलायचं त्याचं शिक्षण आयोवातच पक्कं झालं होतं.

परत जॉर्जियाकडे. ३१ डिसेंबर २०२२ ला अटलांटात ओहायो स्टेटविरुद्ध पीच बोल होता, राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. वॉशिंग्टन दुखापतीमुळे बाहेर गेला आणि जॉर्जियाचं आक्रमण नेहमीपेक्षा अडखळलं. चौथ्या क्वार्टरमध्ये पिछाडीवर असताना चौथा डाउन आणि ६ यार्ड हवे, अशी वेळ आली. छोटा पास बॉवर्सकडे गेला. बचावपटू त्याला मैदानाबाहेर ढकलत असताना त्यानं तोल जाता जाता चेंडूचा हात ताणून खुणेच्या पुढे नेला. संधी टिकली. जॉर्जियानं तो सामना ४२-४१ असा एका गुणानं जिंकला आणि ९ जानेवारी २०२३ ला लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा ६५-७ असा धुव्वा उडवून विजेतेपद राखलं. त्या अंतिम सामन्यात बॉवर्सचे ७ झेल, १५२ यार्ड, एक टचडाउन.

पुढच्या शनिवारी सामना लावलात तर एक करून बघा. चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅककडे बघू नका. टॅकलच्या शेजारी कोण उभा आहे ते शोधा. कुणीच नसेल तर मागे, बाजूला, बाहेर शोधा. मग चेंडू सुटल्यावर पहिली दोन सेकंदं फक्त त्याच्याकडेच बघा. तो खाली वाकून भिडला तर बहुधा धाव येणार. तो सरळ उभा राहून मागे सरकला तर क्वार्टरबॅकचं रक्षण करतोय. तो भिडला आणि लगेच सुटला, तर नजर त्याच्यावरून हलवू नका, कारण समोरच्या लाइनबॅकरनं ती नुकतीच हलवलेली असेल.